जावा ८ मध्ये मुरलेल्यांना जावा २१ शिकवताना

"रेकॉर्ड म्हणजे आपल्या लोम्बॉकचं 'डेटा'च ना रे?"

आमच्या टीममध्ये ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी हे विचारलं आणि मी घाईत "हो काका, तसंच समजा" म्हणून मोकळा झालो. (रेकॉर्ड म्हणजे नुसता डेटा धरणारा नव्या जावातला क्लास. लोम्बॉक ही गेटर-सेटर आपोआप बनवून देणारी लायब्ररी, 'डेटा' ही तिची एक खूण.) तीन दिवसांनी काकांनी हायबरनेटच्या दोन एंटिटी, म्हणजे डेटाबेसमधल्या ओळी ज्यात उतरतात ते क्लास, रेकॉर्ड करून पीआर (कोड तपासून मर्ज करायची विनंती) टाकला. कम्पाइल व्यवस्थित झालं. टेस्ट सर्व्हरवर डेटाबेसमधली पहिलीच ओळ वाचायची वेळ आली आणि अ‍ॅप आडवं झालं. एंटिटीला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो, क्लास फायनल असून चालत नाही, आणि रेकॉर्ड तर जन्मतःच फायनल.

काका चौदा-पंधरा वर्षं जावा लिहितायत. थ्रेड डंप सकाळच्या पेपरसारखा वाचतात. 'क्लास म्हणजे काय' इथपासून त्यांना सांगणं हा त्यांचा अपमान झाला असता, आणि 'तसंच समजा' म्हणणं हा माझा आळस होता. मुरलेला माणूस प्रत्येक नवी गोष्ट आधी डोक्यातल्या जुन्या खणात ठेवून बघतो. म्हणूनच तो नवशिक्यापेक्षा भरभर शिकतो. तो खण नेमका कुठे अपुरा पडतो, हे वेळीच सांगणं हे शिकवणाऱ्याचं काम. बाकीचं तो स्वतःच शिकतो.

बरीच वर्षं जावा ८ वर काढलेल्या टीमला २१ वर आणताना आम्हाला जे जमलं आणि जे फसलं, ते पायरीपायरीने सांगतो.

## आधी यादी करा, आणि ती छोटी ठेवा

जावा ८ मार्च २०१४ मध्ये आली. ९ यायला सप्टेंबर २०१७ उजाडलं. त्यानंतर मात्र दर सहा महिन्यांनी, मार्चला आणि सप्टेंबरला, न चुकता नवी आवृत्ती येते. ८ आणि २१ यांच्यामध्ये एवढं साचलंय की 'नवं काय आलं' हे शोधायला बसलात तर यादी संपत नाही.

आमचा पहिला प्रयत्न तसाच झाला. बाहेरून ट्रेनर बोलावला, दोन दिवस कॉन्फरन्स रूम अडवली, आवृत्तीनुसार एकेक फीचर स्लाइडवर दाखवलं. जेवण चांगलं होतं. पुढच्या सोमवारचे पीआर मात्र मागच्या सोमवारसारखेच होते. त्यात कुणाचा दोष नाही. ट्रेनरची उदाहरणं 'प्राणी, कुत्रा, मांजर' या क्लासची होती आणि आमचा कोड पेमेंट आणि सेटलमेंटचा.

दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. मागच्या महिन्यात मर्ज झालेले वीस-पंचवीस पीआर उघडले आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधली: जावा २१ असती तर हे वेगळं लिहिलं असतं का? अर्ध्या दिवसात चित्र स्पष्ट झालं. नुसत्या गेटर-सेटरने भरलेले डीटीओ, म्हणजे डेटा इकडून तिकडे नेणारे क्लास, सगळीकडे होते. 'इन्स्टन्सऑफ' तपासून खालच्या ओळीत कास्ट करणाऱ्या लांबच लांब शिड्या होत्या. अधिक चिन्हांनी जोडलेली एसक्यूएल होती. 'ब्रेक' विसरल्यामुळे झालेले दोन बग दुरुस्त करणारे पीआरही सापडले. जावा ९ मधल्या मॉड्यूल सिस्टिमची गरज एकाही पीआरमध्ये दिसली नाही. ट्रेनिंगमध्ये तिलाच सगळ्यात जास्त वेळ गेला होता!

सापडलं ते तीन ढिगांत टाका. पहिला ढीग रोज लिहायच्या गोष्टींचा: रेकॉर्ड, नवं स्विच, पॅटर्न मॅचिंग, टेक्स्ट ब्लॉक. दुसरा, दुसऱ्याने लिहिलं तर वाचता यावं अशांचा. तिसरा, नाव कानावरून गेलेलं असावं, बस. शिकवायचा फक्त पहिला.

एक पथ्य पाळा. प्रीव्ह्यू म्हणून, म्हणजे अजून पक्कं न होता, आलेलं फीचर शिकवू नका. स्ट्रिंग टेम्प्लेट जावा २१ मध्ये प्रीव्ह्यू म्हणून आलं, २२ मध्ये पुन्हा प्रीव्ह्यू राहिलं आणि २३ मध्ये चक्क काढून टाकलं. आमच्यातल्या एकाने त्यावर हौसेने नोट्स काढल्या होत्या. तो विषय आम्ही जेवताना काढत नाही.

## जेडीके बदलणं वेगळं, भाषा शिकणं वेगळं

जेडीके म्हणजे जावाचा कम्पायलर आणि बाकी हत्यारांचा संच. ही दोन कामं एका स्प्रिंटमध्ये घेतलीत तर काहीही बिघडलं की खापर नव्या सिंटॅक्सवर फुटतं. 'म्हणून म्हणत होतो, ८ बरं होतं' हे एकदा कुणी म्हणालं की पुढे शिकवणं अवघड. म्हणून आधी जुना कोड जसाच्या तसा नव्या जेडीकेवर चालवून दाखवा. नवा कम्पायलर 'रिलीज' हा पर्याय देऊन ८ च्या नियमांनी चालवता येतो, त्यामुळे या टप्प्यावर कुणाला एकही नवा शब्द लिहावा लागत नाही.

काय मोडतं ते बहुतेक ठरलेलं आहे. जावा ११ मधून एक्सएमएल हाताळणारी जॅक्स-बी आणि त्याच्या शेजारची एंटरप्राइझ पॅकेजेस काढून टाकली गेली. ती आता वेगळी डिपेंडन्सी म्हणून घ्यावी लागतात. 'सन डॉट मिस्क'मधला बेस ६४ एन्कोडर ९ मध्येच गेला, पण दहा वर्षांपूर्वी कुणीतरी चिकटवलेल्या युटिलिटी क्लासमध्ये तो हमखास सापडतो. जावा १७ पासून जेडीकेच्या अंतर्गत क्लासमध्ये रिफ्लेक्शनने हात घालता येत नाही, त्यामुळे जुन्या लायब्ररी कुरकुरतात. त्यांची आवृत्ती वाढवणं हा खरा इलाज. 'अ‍ॅड ओपन्स' लावून गप्प बसवणं ही मलमपट्टी. जेडीकेबरोबरच येणारी जेडेप्स आणि जेडेप्रस्कॅन ही दोन हत्यारं या गोष्टी आधीच दाखवतात. स्प्रिंग बूट ३ या वेब फ्रेमवर्कला किमान जावा १७ लागतं आणि तिथे 'जावाएक्स'ची पॅकेजेस 'जकार्ता' होतात. त्या कामाला स्वतंत्र वेळ द्या.

स्टार्टअप स्क्रिप्ट बघायला विसरू नका. जुन्या स्क्रिप्टमध्ये परमजेन या जुन्या मेमरी-भागाची मर्यादा किंवा सीएमएस गार्बेज कलेक्टरचा पर्याय लिहिलेला असतो. १७ वर जेव्हीएम (जावाचा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) तो ओळखत नाही आणि सुरूच व्हायला नकार देतो. कोडमध्ये बग शोधत दोन तास जातात आणि चूक शेल स्क्रिप्टच्या चौथ्या ओळीत निघते.

मराठी डेटा हाताळणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. जावा १८ पासून डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट सगळीकडे यूटीएफ-८ झाला. आधी तो ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असे. विंडोजवर बहुधा विंडोज-१२५२, आणि लोकेल नीट न लावलेल्या लिनक्स कंटेनरमध्ये साधा आस्की. ग्राहकांची नावं देवनागरीत असलेली सीएसव्ही फाइल तुमच्या लॅपटॉपवर नीट वाचली जायची आणि सर्व्हरवर सगळी प्रश्नचिन्हं व्हायची, ते यामुळे. नव्या जावात हा त्रास बराच कमी होतो. पण तुमच्याकडे जुन्या एन्कोडिंगमध्ये लिहिलेल्या फाइली पडून असतील आणि कोड 'डिफॉल्ट जे असेल ते' म्हणून त्या वाचत असेल, तर आता उलट बिघडेल. उपाय जुनाच आहे: फाइल उघडताना कॅरॅक्टर सेट स्पष्ट लिहा.

त्याच जातीचा आणखी एक छुपा रुस्तम आहे. जावा २० पासून अमेरिकन लोकेलमध्ये वेळ छापताना एएम-पीएमच्या आधी येणारी जागा साधी स्पेस राहिली नाही, ती अरुंद नॉन-ब्रेकिंग स्पेस झाली. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, स्ट्रिंगची तुलना करणारी टेस्ट मात्र फेल होते. आमच्या एका मुलीने दोन्ही स्ट्रिंग हेक्समध्ये छापल्या तेव्हा कुठे हे उमगलं.

जुना कोड नव्या जेडीकेवर प्रॉडक्शनमध्ये दोन-तीन आठवडे शांतपणे चालला की मग भाषेकडे वळा.

## जेशेल उघडा, आणि एंटर दाबण्याआधी पैज लावा

जावा ९ पासून जेशेल आलंय: जावाची एकेक ओळ लिहायची आणि लगेच उत्तर बघायचं. मुरलेल्या लोकांना ते माहीतच नसतं, कारण त्यांची सवय 'टेस्ट नावाचा क्लास काढायचा, त्यात मेन लिहायचं' ही. शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पद्धत अशी. तासभर, चार-पाच जण, एक स्क्रीन. मी एक ओळ टाइप करतो आणि थांबतो. प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं की काय होईल. मग एंटर. सांगितलेलं चुकलं की माणूस जो लक्ष देऊन बसतो तो स्लाइडने बसत नाही. पहिल्या तासातल्या ओळी निवडताना सोप्या अजिबात घेऊ नका. जुनी सवय जिथे दगा देते तिथल्याच घ्या.

पहिली ओळ: 'व्हार यादी इक्वल टू न्यू अ‍ॅरेलिस्ट', पुढे रिकामा डायमंड. यादीचा टाइप काय? डायमंडची सवय झालेले लोक डावीकडे टाइप असतो असं गृहीत धरतात. इथे डावीकडे 'व्हार' आहे, म्हणजे टाइप कुठेच लिहिलेला नाही. उत्तर, ऑब्जेक्टची अ‍ॅरेलिस्ट. त्यात स्ट्रिंगही जाते आणि आकडाही जातो, कम्पायलर चकार शब्द काढत नाही. 'व्हार' वापरायचं तर टाइप उजवीकडे पूर्ण लिहा.

दुसरी: 'लिस्ट डॉट ऑफ'ने तीन शहरांची यादी करा आणि तिला विचारा, तुझ्यात नल आहे का? सगळे म्हणतात 'फॉल्स'. येतं नल पॉइंटर एक्सेप्शन. ही यादी नल साठवत तर नाहीच, नलबद्दल नुसतं विचारलेलंही तिला खपत नाही. जुन्या 'अ‍ॅरेज डॉट अ‍ॅजलिस्ट'च्या जागी डोळे मिटून 'लिस्ट डॉट ऑफ' घातलं तर इथे ठेच लागते.

तिसरी: 'मॅप डॉट ऑफ'मध्ये चार जोड्या घाला, छापा, जेशेल बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा छापा. क्रम बदललेला दिसू शकतो. हे मुद्दाम केलंय. हॅशमॅपमधला क्रम 'साधारण तोच येतो' म्हणून त्यावर विसंबणाऱ्यांना चाप बसावा, हा हेतू.

चौथी ओळ माझ्या खर्चाने शिकलेली, म्हणून सविस्तर सांगतो. जावा १६ मध्ये स्ट्रीमवर थेट 'टू-लिस्ट' म्हणायची सोय आली. तोपर्यंत 'कलेक्ट' आणि त्यात 'कलेक्टर्स डॉट टू-लिस्ट' असं लिहावं लागे. छोटं, सुटसुटीत. मी एका शुक्रवारी फाइंड-रिप्लेस करून सगळ्या सर्व्हिसमध्ये ते बदललं. टेस्ट हिरव्या. रिव्ह्यूअर खूश, कारण कोड कमी झाला. महिनाअखेरीला रात्रीचा सेटलमेंट रिपोर्ट पडला: अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन. कारण सरळ होतं. जुन्या पद्धतीने मिळणारी यादी प्रत्यक्षात अ‍ॅरेलिस्ट असायची आणि बदलता यायची. तशी हमी डॉक्युमेंटेशनमध्ये कधीच नव्हती, पण आम्ही वर्षानुवर्षं ती गृहीत धरली होती. नवी यादी बदलता येत नाही. आणि तीन मेथड पलीकडे कुणीतरी ती यादी मिळाल्यावर जागच्या जागी सॉर्ट करत होतं.

मग टेस्ट हिरव्या कशा? टेस्टमध्ये त्या मेथडला 'अ‍ॅरेज डॉट अ‍ॅजलिस्ट'ने बनवलेली यादी दिली होती. त्या यादीत भर घालता येत नाही, पण सॉर्ट करता येतं. बरोबर तेवढ्याच फटीतून बग निसटला. आता जेशेलमध्ये मी या तिन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रत्येकीवर आधी सॉर्ट, मग अ‍ॅड करून दाखवतो. दहा मिनिटं लागतात. जेशेलच्या तासातून एकच प्रयोग ठेवायचा झाला तर मी हा ठेवेन.

## रेकॉर्ड, सील्ड आणि स्विच एकत्रच शिकवा

हे तीन वेगवेगळ्या दिवशी शिकवले तर प्रत्येक फीचर 'ठीक आहे, चार ओळी वाचल्या' एवढंच वाटतं. एकत्र आले की डिझाइन बदलतं. रेकॉर्ड १६ मध्ये पक्कं झालं, सील्ड क्लास १७ मध्ये, आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग २१ मध्ये. भाषा घडवणाऱ्यांनी हप्त्याहप्त्याने दिलं, आपण एकदम घ्यायचं.

उदाहरण स्वतःच्या कोडमधलंच घ्या. आम्ही पेमेंटचे प्रकार घेतले: यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, रोख. जुन्या कोडमध्ये एक बेस क्लास, चार सबक्लास, आणि सात ठिकाणी इन्स्टन्सऑफची शिडी. एका ठिकाणी शुल्क काढायचं, एका ठिकाणी पावतीचा मजकूर, एका ठिकाणी रिफंड किती दिवसांत. प्रत्येक शिडीच्या तळाशी 'एल्स' आणि त्यात 'अननोन पेमेंट टाइप' असं एक्सेप्शन.

पायरी एक: चारही प्रकार रेकॉर्ड करा. इथेच काकांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं. रेकॉर्ड लोम्बॉकच्या 'डेटा'पेक्षा 'व्हॅल्यू'च्या जवळचं: सेटर नाहीत, फील्ड फायनल. पण गेटरचं नावही 'गेट' लावून येत नाही. 'रक्कम' नावाच्या घटकाची मेथड नुसती 'रक्कम'. 'गेट'ने सुरू होणाऱ्या मेथड शोधत फिरणाऱ्या जुन्या लायब्ररी इथे गोंधळतात. जेसन वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या जॅक्सन लायब्ररीला २.१२ पासून रेकॉर्ड कळतात. बिल्डर मिळत नाही. दुसऱ्या क्लासचा वारसा घेता येत नाही, इंटरफेस मात्र हवे तेवढे. आणि एंटिटी म्हणून वापरायचं नाही, हे मी आता पहिल्या मिनिटात सांगतो.

दोन खाचखळगे याच वेळी दाखवा. एक, रेकॉर्ड वरवरच अबदल असतं. आत लिस्ट असेल तर बाहेरून कुणीही तिच्यात भर घालू शकतो. कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टर लिहून त्यात 'लिस्ट डॉट कॉपीऑफ' करा. दुसरा पैशांशी थेट संबंधित आहे. रेकॉर्डचं 'इक्वल्स' आपोआप मिळतं आणि ते प्रत्येक घटकाचं 'इक्वल्स' वापरतं. बिगडेसिमलच्या दृष्टीने १००.० आणि १००.०० समान नाहीत, कारण स्केल वेगळा. म्हणजे तीच रक्कम, तोच ग्राहक, आणि तरी दोन रेकॉर्ड 'वेगळे'. कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये स्केल दोनवर आणून ठेवा. हे सांगितल्यावर टीममधले दोघं न बोलता उठून आपापल्या जागी गेले. त्यांना काय तपासायचं होतं ते मी विचारलं नाही.

पायरी दोन: वर एक सील्ड इंटरफेस ठेवा आणि 'परमिट्स'मध्ये चारही नावं लिहा. आता कम्पायलरला ठाऊक झालं की पेमेंट म्हणजे हे चारच, पाचवं कुणी नाही.

पायरी तीन: एक शिडी निवडा, शुल्काची घ्या, आणि ती स्विच एक्सप्रेशनमध्ये लिहा; ती जमली की बाकीच्या सहाही. बाणाची पद्धत वापरा. खाली घसरण नाही, ब्रेक नाही, आणि स्विचला स्वतःची किंमत आहे, त्यामुळे थेट 'रिटर्न' करता येतं. एखाद्या शाखेत दोन-तीन ओळी लागल्या तर महिरपी कंस आणि 'यील्ड'. केसमध्येच रेकॉर्ड उलगडून 'कार्ड, त्यातली रक्कम आणि नेटवर्क' असे थेट हाताशी घेता येतात.

मग सगळे न चुकता एक गोष्ट करतात: शेवटी 'डिफॉल्ट' लिहितात. हात आपोआप जातो. आपल्यातल्या प्रत्येकाला कधीतरी कुठल्यातरी सीनियरने रिव्ह्यूत 'डिफॉल्ट कुठेय?' म्हणून झापलेलं असतं. इथे ते खोडायला लावा.

"आणि नवा प्रकार आला तर?" काकांनी विचारलं.

"आणा की, काका. वॉलेट जोडा."

काकांनी वॉलेट नावाचं पाचवं रेकॉर्ड लिहिलं, 'परमिट्स'मध्ये टाकलं आणि बिल्ड लावलं. सात फाइली लाल. सातही स्विच, जिथे जिथे पेमेंटच्या प्रकारावर निर्णय होता तिथे तिथे, 'सगळे प्रकार हाताळलेले नाहीत' म्हणून अडले. काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागच्या दिवाळीत ईएमआय जोडला तेव्हा हे असतं तर ते पावतीचं झंगट झालंच नसतं." त्यानंतर त्यांना काही पटवून द्यावं लागलं नाही.

जिथे डिफॉल्ट ठेवला तिथे हा फायदा गेलाच समजा. कम्पायलर गप्प राहील आणि वॉलेटला चुपचाप कुठलंतरी शुल्क लागेल. सील्ड प्रकारांवरच्या स्विचमध्ये डिफॉल्ट दिसला की रिव्ह्यूत कारण विचारायचं, असा आमचा नियम आहे. मात्र हे आपल्याच मॉड्यूलमधल्या, एकत्र कम्पाइल होणाऱ्या प्रकारांना लागू. लायब्ररी म्हणून बाहेर जाणाऱ्या कोडमध्ये वापरणाऱ्याने पुन्हा कम्पाइल केलं नाही तर नवा प्रकार रनटाइमला एक्सेप्शन देतो.

## किरकोळ, पण लगेच आवडणाऱ्या गोष्टी

टेक्स्ट ब्लॉक शिकवायला पाच मिनिटं पुरतात. फक्त शेवटची तीन अवतरणचिन्हं कुठे ठेवली त्यावर डावीकडची मोकळी जागा आणि शेवटची नवी ओळ ठरते, एवढं दाखवा. ओळीच्या शेवटच्या स्पेस तो आपोआप काढतो, तेही सांगा. इन्स्टन्सऑफमध्ये तिथल्या तिथे व्हेरिएबल मिळतं हे सगळ्यांना लगेच कळतं. तपासणी उलटी करून लवकर 'रिटर्न' केलं तर ते व्हेरिएबल खालच्या ओळींत वापरता येतं, हे मात्र दाखवल्याशिवाय कुणी करून बघत नाही. लिस्टवर आता 'गेट-फर्स्ट' आणि 'गेट-लास्ट' आहे. यादी रिकामी असेल तर एक्सेप्शन येतं, नल नाही.

नल पॉइंटर एक्सेप्शनचा नवा मेसेज तर शिकवायचीही गरज नाही. साखळीतलं नेमकं काय नल होतं ते तो नावानिशी सांगतो. बदलाला सगळ्यात जास्त विरोध करणारा माणूससुद्धा या एका गोष्टीसाठी २१ वर आला, असं माझं निरीक्षण.

## व्हर्च्युअल थ्रेड वेगळ्या दिवशी, आणि लोड टेस्टसकट

व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी जावा स्वतः सांभाळते तो हलका थ्रेड. हे सिंटॅक्सचं प्रकरण नाही. सिंटॅक्स जवळजवळ जुनाच आहे आणि धोका तिथेच आहे, कारण इथे जुना खण हुबेहूब बसल्यासारखा वाटतो. मुरलेला माणूस थ्रेड म्हटलं की पूल काढतो. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करायचा नसतो. तो इतका स्वस्त असतो की प्रत्येक कामाला नवा घ्यायचा आणि सोडून द्यायचा. नेटवर्कची किंवा डेटाबेसची वाट बघताना तो खालचा खरा थ्रेड मोकळा करतो. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामाला त्याने काडीचाही वेग येत नाही, कारण प्रोसेसरचे कोअर तेवढेच.

स्प्रिंग बूट ३.२ मध्ये एक प्रॉपर्टी 'ट्रू' केली की वेब रिक्वेस्ट व्हर्च्युअल थ्रेडवर चालू लागतात. आम्ही केली. लोड टेस्टमध्ये पहिल्या मिनिटाला सगळे खूश, दुसऱ्या मिनिटाला टाइमआउटचा पाऊस. काय झालं ते असं. टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये डिफॉल्टने जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. ती मर्यादा आम्हाला नेहमी अडचण वाटायची, पण तीच दारावरच्या रखवालदाराचं काम करत होती: २०० च्या वर रिक्वेस्ट आत यायच्याच नाहीत. रखवालदार गेला, हजारो रिक्वेस्ट एकदम आत घुसल्या आणि सगळ्या हिकारीच्या, म्हणजे डेटाबेस कनेक्शनच्या, पूलसमोर रांगेत उभ्या राहिल्या. हिकारीत डिफॉल्टने १० कनेक्शन आणि ३० सेकंदांची वाट. तीस सेकंद झाल्यावर एकामागून एक एक्सेप्शन.

मर्यादा थ्रेडच्या संख्येने नाही, साधनाच्या संख्येने घालायची. ज्या बाहेरच्या सेवेला एका वेळी ५० कॉल झेपतात तिच्यापुढे ५० चा सेमाफोर, म्हणजे एका वेळी ५० जणांनाच आत सोडणारं फाटक, लावा. कनेक्शन पूलचा आकडा विचार करून ठरवा. हे आधी दाखवून, मुद्दाम मोडून, मग सुधारून शिकवा.

जावा २१ वर आणखी एक अडचण आहे: 'सिंक्रोनाइज्ड' ब्लॉकच्या आत वाट बघायची वेळ आली तर व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला खिळून बसतो. तिथे 'रीएन्ट्रंट लॉक' वापरावा लागतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने हे बहुतांशी सोडवलं. म्हणजे आज ज्याला २१ वर 'सिंक्रोनाइज्ड टाळा' म्हणून शिकवताय, त्याला वर्षभराने तो सल्ला मागे घेतल्याचंही सांगावं लागेल. नियमाशेजारी तो कोणत्या आवृत्तीपुरता आहे ते लिहून ठेवा.

## शिकलेलं पीआरमध्ये उतरवताना

आयडीई पिवळे दिवे लावून 'हे रेकॉर्ड करा', 'हे नव्या स्विचमध्ये लिहा' सुचवत राहतो. शिकलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सगळे दिवे विझवायचा मोह होतो. अडवा. मी शुक्रवारी काय केलं ते वर सांगितलंच आहे. ज्या फाइलला कामासाठी हात लागला तीच सुधारायची, आणि सुधारणा वेगळ्या कमिटमध्ये. तीनशे ओळींच्या यांत्रिक बदलात लपलेला एका ओळीचा लॉजिकचा बदल कुठल्याच रिव्ह्यूअरला दिसत नाही.

जोड्या लावताना ज्युनियरला शिक्षक आणि सीनियरला विद्यार्थी करू नका. कॉलेजातून थेट १७ शिकून आलेल्या मुलाला सिंटॅक्स तोंडपाठ असतो, पण तो कुठे मोडेल हे काकांना दिसतं. दोघांना मिळून एकच जुना क्लास द्या. कीबोर्ड काकांकडे, बोलणं मुलाकडे. "सर, इथे व्हार चालेल" असं तो म्हणतो आणि काका म्हणतात, "चालेल रे, पण वाचणाऱ्याला टाइप कुठून कळणार?" त्या अर्ध्या तासात दोघंही शिकतात आणि कुणालाच कमीपणा येत नाही. आमच्याकडे 'व्हार कधी वापरायचं' हा नियम अशाच एका वादातून ठरला: उजवीकडे बघून टाइप कळत असेल तर वापरा, मेथडच्या नावावरून अंदाज बांधावा लागत असेल तर नको.

आणि एक विषय प्रत्येक सीनियरला शिकवायला द्या. ऐकायला नाही, शिकवायला. टेक्स्ट ब्लॉकसारखा दहा मिनिटांचा असला तरी चालेल. ज्याला उद्या चार जणांसमोर बोलायचंय तो आज रात्री जेईपी, म्हणजे त्या फीचरचा अधिकृत प्रस्ताव, वाचतो. जेईपीतला पहिला भाग, 'हे का आणलं' हा, अनुभवी माणसाला सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यातला प्रत्येक त्रास त्याने भोगलेला असतो.

यापुढे एवढं साचू द्यायचं नसेल तर पाळी लावा. दर मार्चला आणि सप्टेंबरला एकाने नव्या आवृत्तीची जेईपी यादी वाचायची आणि टीमला एक पान लिहून द्यायचं, त्याच तीन ढिगांत. आवृत्ती बदलायची नाही, फक्त वाचायचं. दीर्घ सपोर्टची आवृत्ती १७ नंतर दर दोन वर्षांनी येते, बदल तेव्हा.

सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ ची पाळी काकांनी मागून घेतली. त्यांचं पान माझ्याकडे आहे. पहिल्या ढिगात एकच ओळ: कन्स्ट्रक्टरमध्ये 'सुपर'च्या आधी तपासण्या लिहिता येतात, व्हॅलिडेशनचे स्टॅटिक मेथडचे जुगाड काढा. दुसऱ्यात स्कोप्ड व्हॅल्यू. तिसऱ्यात, क्लासचं कवच न लिहिता थेट मेन लिहिता येतं, याच्यापुढे त्यांच्या अक्षरात: "आपल्या कामाचं नाही. पुतण्या अकरावीत जावा घेतोय, त्याला इथून सुरुवात करून देतो."